दूध मोजता, मग खूरही पाहा

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या विदर्भात बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतात. नालबंद त्याच्या पायाला नाल ठोकतो. गाईच्या पायाकडे मात्र कोणी पाहत नाही. ती दावणीलाच उभी, तिला कुठे चालायचे आहे, असा समज! गुरांचा डॉक्टर म्हणून माझे मत उलट आहे. दावणीच्या संकरित गाईच्या खुराची निगा अधिकच राखावी लागते.

कारण साधे आहे. चालत्या जनावराचे खूर झिजते, बांधलेल्याचे वाढत राहते. वाढलेल्या खुरामुळे भार टाचेकडे सरकतो आणि तळवा दुखावतो. त्यात सिमेंटचा गोठा, शेणमूत आणि पावसाळा. ओले खूर मऊ पडते, बेचक्यात जखम होऊन जंतू शिरतात.

दुसरे कारण गव्हाणीत आहे. दुधाच्या आशेने भरडा वाढवतात, कुटार कमी करतात. कोणी लग्नातला उरलेला भात, पोळ्याही घालतात. पोटात आम्लता वाढते आणि काही आठवड्यांनी त्याचा त्रास खुरात दिसतो.

गाय पाठीला बाक काढून उभी राहते, एक पाय टेकवायला कचरते, दूध कमी देते. अशा वेळी डाग देऊ नका. त्याने खुरातला पू निघत नाही. पाय धुऊन बेचक्यात खिळा, खडा किंवा जखम आहे का ते पाहा. तोंडाला फोड व लाळ असेल तर लाळ्या-खुरकुताची शंका धरून जनावर वेगळे बांधा. या रोगाची लस दर सहा महिन्यांनी टोचून घ्यावी.

दुखणे थांबवणारे इंजेक्शन स्वतः आणून टोचू नका. गिधाडे मेल्यामुळे डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी 2006 मध्ये, तर किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅकवर 2023 मध्ये बंदी आली. शिवाय दुखणे दबले, तरी खुरातला दोष तसाच राहतो.

प्रतिबंधासाठी दहा लिटर पाण्यात अर्धा किलो मोरचूद प्लास्टिकच्या टबात विरघळवा. आधी खूर धुवा, मगच त्यात बुडवा. मोरचूद विषारी आहे. जनावराला ते पाणी पिऊ देऊ नका. बसायला कोरडी, मऊ जागा द्या.

वर्षातून दोनदा खुरे साळून घ्यावीत. पण साळणार कोण? बैल कमी झाले, तसे नालबंदही कमी झाले. नागपुरात 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 2000 पासून पशुविज्ञान विद्यापीठ आहे. तेथे गावोगावच्या तरुणांना हे काम शिकवावे आणि प्रत्येक दूध संस्थेने आपल्या दारात एक खोडा उभारावा. संस्था रोज दुधाची फॅट मोजते. वर्षातले दोन दिवस तिने खुरांसाठी द्यावेत, एवढेच माझे मागणे आहे.