गच्चीवरचं अंतराळ

सध्या आमच्या नंदुरबारात गच्चीला लावायच्या उष्णतारोधक लेपाच्या जाहिराती फिरताहेत. वर उडणारं यान, खाली चौरस फुटाचा भाव. माझं म्हणणं एवढंच, की यानाकडे बघून पैसे मोजू नका.

अंतराळाशी नातं अगदीच खोटं नाही. थिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने 'कॅस्पोल' नावाचा सिरॅमिक लेप तयार केला आहे. मुळात तो आग रोखण्यासाठी. उष्णता आणि पाणीही अडवतो. (साराभाई जैन घराण्यातले, म्हणून आम्हाला कौतुक जरा जास्तच!) पण यान वेगळं आणि घर वेगळं. अंतराळात हवा नाही, ताप येतो तो किरणांतून. इथे वैशाखात गरम वारा दारा-खिडक्यांतून आत शिरतो, भिंतीही तापतात. रंगाइतका पातळ थर त्याला काय करणार? असे बहुतेक लेप ऊन परतवतात, म्हणून छत कमी तापतं. जाड थराचं काम वेगळं. आपल्या खानदेशातल्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असायचा, तो दुपार आत येऊ द्यायचा नाही.

ऊन परतवायचं काम साधा चुनाही बऱ्यापैकी करतो. दरवर्षी मारावा लागतो, हे खरं. अहमदाबादने २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करायला घेतली, तेलंगणाने २०२३ मध्ये त्याचं धोरणच केलं. दुकानदाराला विचारायचं ते हे: किती टक्के ऊन परततं, त्याचा तपासणी-अहवाल आहे का, आणि लेप किती वर्षं टिकेल? खर्चाला वर्षांनी भागा. आमच्याकडे धूळ भारी, मळलेला पांढरा लेप निम्मा वाया. धुवायला पाणी आहे का तेही बघा.

आणि संघात यासाठी वर्गणी निघालीच, तर आधी उपाश्रयाचं छत घ्या. साध्वीजी पंखा लावत नाहीत. चैत्र-वैशाखात त्या वरच्या मजल्यावर कशा बसतात ते आपण बघतोच. दुसरा नंबर आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांच्या पत्र्याच्या घरांचा. पत्रा सर्वांत जास्त तापतो, त्यामुळे फरकही तिथेच जास्त पडतो. आपल्या स्लॅबच्या गच्च्या, खाली एसी असलेल्या, शेवटी.

काम फाल्गुनातच उरका, गच्ची कोरडी असताना. पावसात शेवाळ धरलं की ते खरवडायला आपला हात धजत नाही.