ट्रकचालकाचा एक दूरध्वनी

मानवी तस्करीविरुद्धच्या लढ्यात अमेरिकेने मालवाहतूक उद्योगाला सामील करून घेतले. त्या प्रयोगाचे यश कशात आहे, तो कुठे तोकडा पडतो आणि आपल्या महामार्गांवर तसे काही घडायचे असेल तर आधी काय बदलावे लागेल, याचा आढावा.

विशेष प्रतिनिधी

जानेवारी २०१५ मधली घटना. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, न्यू केंट परगण्यातील एका ट्रक थांब्यावर एक चालक विश्रांतीसाठी थांबला होता. काही अंतरावर राहण्याची सोय असलेली एक मोठी गाडी उभी होती. तिच्या खिडक्यांना काळे पडदे होते. एक माणूस आला, दार ठोठावून आत गेला. थोड्या वेळाने पडद्याआडून एका तरुणीचा चेहरा डोकावला आणि कोणीतरी मागे ओढावा तसा नाहीसा झाला. चालकाला ते खटकले. तो त्या गाडीकडे गेला नाही. त्याने पोलिसांना दूरध्वनी केला. पोलीस आले तेव्हा आत वीस वर्षांची एक तरुणी आढळली. आयोवा राज्यातून तिला आणण्यात आले होते. उपासमार आणि अमानुष छळ यांच्या खुणा तिच्या अंगावर होत्या. तिच्याकडून बळजबरीने वेश्याव्यवसाय करवून घेणाऱ्या जोडप्याला पुढे न्यायालयाने प्रत्येकी किमान चाळीस वर्षांची शिक्षा ठोठावली.

त्या थांब्यावर त्या दिवशी इतरही माणसे असतील. गाडी त्यांनाही दिसली असेल. फरक पडला तो एकाने दखल घेतल्यामुळे. अशी दखल योगायोगावर न सोडता संपूर्ण उद्योगाची सवय बनवता येईल का, या प्रश्नातून अमेरिकेत गेली दीड दशके एक प्रयत्न सुरू आहे.

संशयिताचा साक्षीदार

या शतकाच्या आरंभी अमेरिकी तपास यंत्रणांच्या दृष्टीने ट्रक थांबे हे प्रामुख्याने गुन्ह्याचे ठिकाण होते. २००४ मध्ये ओक्लाहोमा राज्यात आणि २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्ग परिसरात केंद्रीय तपास यंत्रणा एफबीआयने केलेल्या कारवायांतून एक भीषण वास्तव पुढे आले. महामार्गालगतच्या थांब्यांवर अल्पवयीन मुलींना गाडीगाडीशी फिरवून विकले जात होते. गिऱ्हाईक अर्थातच चालकांपैकीच कोणीतरी असे. थांब्यावर फिरणाऱ्या या स्त्रियांना चालकांच्या बोलीत 'लॉट लिझर्ड', म्हणजे शब्दशः 'पार्किंगमधल्या पाली' असे म्हटले जाई. ज्या माणसाला आपण पाल म्हणतो, त्याच्या सुटकेसाठी आपण दूरध्वनी करत नाही. भाषेनेच डोळ्यांवर पट्टी बांधली होती.

या पार्श्वभूमीवर २००९ मध्ये लिन थॉम्पसन आणि त्यांच्या मुलींनी 'ट्रकर्स अगेन्स्ट ट्रॅफिकिंग' हा उपक्रम सुरू केला. त्यांपैकी केंडिस पॅरिस यांनी पुढे त्याचे नेतृत्व केले आणि २०११ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. त्यांचा हिशेब साधा होता. अमेरिकेत सुमारे पस्तीस लाख ट्रकचालक आहेत. रात्री-अपरात्री, शहराबाहेर, पोलीस क्वचितच फिरकतात अशा ठिकाणी ते असतात. तस्करही तीच वेळ आणि तीच जागा निवडतो. गुन्ह्याच्या इतक्या जवळ असलेल्या या समूहाकडे केवळ संशयाने पाहणे म्हणजे पोलिसांनी आपलेच लाखो डोळे मिटून घेणे होय.

छोटी मागणी, मोठी यंत्रणा

चालकाकडून या मोहिमेने फारसे मोठे असे काही मागितले नाही, आणि तिच्या प्रसाराचे रहस्य यातच आहे. सुमारे अर्ध्या तासाची चित्रफीत आणि पाकिटात मावेल एवढे एक कार्ड, एवढेच तिचे साहित्य. कार्डावर खुणा दिलेल्या असतात : वयाने लहान दिसणारी मुलगी गाड्यांची दारे ठोठावत आहे, एकाच वाहनातून अनेक स्त्रियांना उतरवले जात आहे, कोणाजवळ स्वतःची ओळखपत्रे नाहीत, कोणाला स्वतःच्या वतीने बोलू दिले जात नाही. चालकांच्या सीबी रेडिओवर 'कमर्शियल कंपनी' असे शब्द कानी पडले तर त्यांचा अर्थ काय, हेही सांगितले जाते. मग काय करायचे? मध्ये पडायचे नाही. वाहनाचा क्रमांक, वेळ, ठिकाण आणि माणसांचे वर्णन टिपून घ्यायचे. तातडीचा धोका असेल तर पोलिसांना, अन्यथा मानवी तस्करीविरोधी राष्ट्रीय मदतवाहिनीला कळवायचे. शौर्याची अपेक्षा नाही. अपेक्षा आहे ती केवळ अचूक माहितीची.

दुसरी बाब अशी की, ही मागणी चालकापर्यंत पोहोचवण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. उद्योगाचे जे सांधे आधीपासून होते, त्यांतूनच ती झिरपली. वाहतूक कंपन्यांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ही चित्रफीत दाखवायला सुरुवात केली. ट्रक थांब्यांच्या मोठ्या साखळ्यांनी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले. ओहायोने २०१३ मध्ये अवजड वाहनांचा परवाना मागणाऱ्या नव्या चालकांसाठी हा विषय आवश्यक केला. अर्कान्सास, टेक्सास आदी राज्ये त्याच वाटेने गेली. आयोवा राज्याच्या वाहन तपासणी विभागाने वजनकाटे आणि तपासणी नाके यांवर हे साहित्य वाटले आणि तो नमुना नंतर अनेक राज्यांनी उचलला. आजवर दहा लाखांहून अधिक जणांपर्यंत हे प्रशिक्षण पोहोचले आहे.

जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने याला कायद्याची जोड दिली. व्यावसायिक वाहनाचा वापर करून मानवी तस्करीचा गंभीर गुन्हा करणाऱ्या चालकाला अवजड वाहन चालवण्यास आजन्म अपात्र ठरवण्याची तरतूद झाली. म्हणजे एका हाताने विश्वास आणि दुसऱ्या हाताने जरब, असे हे धोरण आहे.

आकड्यांपलीकडचे प्रश्न

अर्थात, किती जणांना प्रशिक्षण दिले हा आकडा म्हणजे किती जणींची सुटका झाली याचा आकडा नव्हे. पहिला मोजणे सोपे, दुसरा फार अवघड. एका दूरध्वनीतून तपास सुरू होतो, पण पीडितेला निवारा, उपचार, वकील आणि उपजीविका मिळाली नाही तर ती बहुतेक वेळा त्याच दुष्टचक्रात परत ढकलली जाते. प्रशिक्षणाला प्रायोजक मिळतात. निवारागृहांना ते तितक्या सहजी मिळत नाहीत.

दुसरी अडचण प्रतिमेची. पळवून आणलेली, कोंडून ठेवलेली मुलगी हे तस्करीचे सर्वांत ठळक चित्र असले तरी ते सर्वांत सार्वत्रिक चित्र नव्हे. अमेरिकेच्या २००० सालच्या कायद्यानुसार बळजबरी, फसवणूक किंवा दबाव यांच्या आधारे करून घेतलेले श्रमही तस्करीत मोडतात. अनेकदा पीडितेला जाळ्यात ओढणारा तिचा प्रियकर, नातेवाईक किंवा ओळखीचा दलाल असतो आणि तिच्या पायात बेडी असते ती कर्जाची वा भीतीची. साखळदंडच शोधणाऱ्या डोळ्यांना ही बेडी दिसत नाही. शिवाय प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने केलेला देहविक्रय आणि तस्करी यांतील फरक पुसला गेला, तर मदतीच्या नावाखाली धाडी पडतात आणि ज्यांना संरक्षण द्यायचे त्याच गजाआड जातात.

तस्करी आणि चोरटी मानवी वाहतूक यांचीही सर्रास गल्लत होते. जून २०२२ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे एका ट्रेलरमध्ये कोंडलेल्या ५३ स्थलांतरितांचा उष्म्याने मृत्यू झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात एका कंटेनरमध्ये ३९ व्हिएतनामी नागरिक मृतावस्थेत सापडले. सीमा ओलांडण्यासाठी पैसे मोजणे हा एक गुन्हा. पोहोचल्यावर माणसाला राबवून घेणे हा दुसरा. मात्र पहिल्याचा प्रवासी दुसऱ्याचा बळी केव्हा होतो, ते त्यालाही कळत नाही. या दोन्ही घटनांत ट्रकचालकही दोषी ठरले, हे विसरता येणार नाही. उद्योगाचे डोळे जसे उपयोगी पडतात, तसे त्याचे हातही बरबटू शकतात.

आणि सर्वांत अवघड प्रश्न उद्योगाच्या घरातलाच आहे. २०१७ मध्ये 'यूएसए टुडे' या दैनिकाने लॉस एंजेलिस व लाँग बीच बंदरांतील चालकांची व्यथा उघड केली होती. ट्रक कर्जाने गळ्यात मारायचा, हप्ते पगारातून कापायचे आणि चालकाने काम सोडले तर गाडीसह भरलेले पैसेही जप्त करायचे, अशी ती पद्धत होती. आठवडाभर राबून हाती काहीच न पडलेले चालक त्यात भेटतात. दुसऱ्याची वेठबिगारी ओळखायला ज्याला शिकवायचे, तोच कर्जाने बांधलेला असेल तर मोहिमेने सुरुवात कुठून करायची?

आपल्या महामार्गांवर

भारतात या प्रयोगाला एक पूर्वपीठिका आहे. एचआयव्ही-एड्सच्या प्रसाराची चर्चा सुरू झाली तेव्हा आपल्याकडेही ट्रकचालकाकडे रोगाचा वाहक म्हणूनच पाहिले गेले. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि 'अवाहन'सारख्या प्रकल्पांनी दृष्टी बदलली. ट्रान्सपोर्ट नगरांत 'खुशी' दवाखाने उघडले, चालकांतूनच प्रशिक्षित मित्र निवडले. चालकाला दोष देण्याऐवजी त्याच्या थांब्यावर जाऊन त्याच्याशी बोलले, तर तो ऐकतो, हा धडा आपण त्यातून घेतलेला आहे.

तस्करीच्या बाबतीत मात्र आपले लक्ष रेल्वेवर अधिक आहे. रेल्वे सुरक्षा दल 'नन्हे फरिश्ते' आणि 'ऑपरेशन आहट' यांद्वारे फलाटांवर मुले आणि स्त्रिया शोधते. देशातील सुमारे ७० टक्के माल वाहून नेणाऱ्या रस्त्यांवर तशी नजर नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात मानवी तस्करीचे २,२५० गुन्हे नोंदले गेले. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा गुन्हेगारीपेक्षा नोंदणीचीच मर्यादा अधिक सांगतो.

महाराष्ट्रातील चालकाला जे दिसू शकते, ते अमेरिकेतल्यापेक्षा वेगळेही असेल. कळंबोली, भिवंडी किंवा निगडीच्या ट्रक तळांभोवती देहविक्रयासाठी आणलेल्या मुली असू शकतात. पण वीटभट्टीवर उचल देऊन बांधलेली कातकरी कुटुंबे किंवा मुकादमाच्या उचलीखाली दबलेले ऊसतोड मजूरही त्याच रस्त्यांवरून वाहनांत भरून नेले जातात. उचल घेणारा प्रत्येक मजूर वेठबिगार नसतो. परंतु उचल फिटेपर्यंत ज्याला जाता येत नाही, तो १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यानुसार बळीच ठरतो. आपल्या कार्डावरच्या खुणांत हेही लिहावे लागेल.

कायद्याची उणीव नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये तस्करीची व्याख्या आणि कठोर शिक्षा आहे. क्रमांकही पुष्कळ आहेत : ११२, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, महामार्गावरील अडचणींसाठी १०३३. उणीव आहे ती विश्वासाची. नाक्यानाक्यावर ज्याला खाकी वर्दी पाहून खिसा चाचपावा लागतो, तो चालक मध्यरात्री आपणहून पोलिसांना कशाला बोलावेल? हद्दीचा वाद, जबाब, साक्षीसाठी हेलपाटे आणि खोळंबलेली खेप यांची धास्ती त्याला पुरती ठाऊक आहे. जानेवारी २०२४ मध्ये अपघातस्थळावरून पळून जाण्याबद्दलच्या कठोर शिक्षेविरोधात देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, त्या रोषामागे शिक्षेइतकेच यंत्रणेविषयीचे भयही होते.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला छळ होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मानवी तस्करीची खबर देणाऱ्या चालकालाही तशाच संरक्षणाची गरज आहे : नाव गुप्त राहील, गाडी अडवली जाणार नाही, मालक खेपेचा दंड लावणार नाही. मोटारमालक संघटना, परिवहन कार्यालये, टोलनाके आणि इंधन कंपन्यांचे पंप, हे आपल्या उद्योगाचे सांधे तयारच आहेत. त्यांतून भित्तिपत्रके वाटणे एका महिन्याचे काम. दूरध्वनी उचलणारा माणूस बदलणे हे खरे काम.

व्हर्जिनियातील त्या चालकाने दूरध्वनी केला, कारण पलीकडून कोणीतरी येईल आणि आल्यावर आपल्यालाच आरोपी करणार नाही, याची त्याला खात्री होती. ही खात्री आपल्या महामार्गावरच्या चालकाला मिळेल, त्या दिवशी त्याला चित्रफीत दाखवण्यात अर्थ असेल. तोवर काळ्या पडद्यामागचा चेहरा कोणाला दिसलाच, तरी गाडीचा गिअर पडेल आणि ट्रक पुढे निघून जाईल.