आधी ओळख, मग पाना

माझा मामा ओहायोत असतो. नोकरी सॉफ्टवेअरची, पण हौस हात काळे करून घेण्याची. दोन वर्षांपूर्वी त्याने १९७७ सालचा एक शेव्हरोले सी-१० ट्रक विकत घेतला. तिकडे 'ट्रक' म्हणजे आपला 'हॉर्न ओके प्लीज'वाला नव्हे बरं का! पुढे तीन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. आपण ज्याला पिकअप म्हणतो तो. आणि त्यात गिअरबॉक्स ऑटोमॅटिक.

गेल्या उन्हाळ्यात त्या ट्रकखाली सिमेंटवर लाल तेलाचा डाग दिसायला लागला. मामाने लगेच व्हिडिओ कॉल केला. "काय गं इंजिनिअर, मेकॅनिकल थर्ड इयर ना तू? सांग बघू, कुठून गळतंय?"

आता मामाने 'इंजिनिअर' म्हटल्यावर माहीत नाही म्हणायचं म्हणजे इज्जतीचा प्रश्न! मी विचारलं, "इंजिन कुठलं?" तो म्हणाला, "व्ही-८, ३५० क्युबिक इंच." मी तेवढ्यात इंटरनेटवर बघून ठेवलं होतं की त्या काळच्या शेव्हरोलेत 'टर्बो ३५०' नावाचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असायचा. इंजिन ३५०, गिअरबॉक्स ३५०. झालं, जुळलं! मी ठणकावून सांगितलं, "टर्बो ३५० आहे. पॅनचं पॅकिंग गेलंय. आणि हो, व्हॅक्यूम मॉड्युलेटर पण तपास."

हे दोन '३५०' एकमेकांचे कोणीच लागत नाहीत, हे मला नंतर कळलं. इंजिनाचा आकडा म्हणजे त्याचं घनफळ, सुमारे ५.७ लिटर. गिअरबॉक्सचा आकडा म्हणजे नुसतं मॉडेलचं नाव. वर्गात दोन मुलांचं आडनाव पाटील असलं म्हणून ती भाऊ होत नाहीत, तसंच. पण तेव्हा मी फॉर्मात होते.

मामानेही माझ्यावर विश्वास ठेवून एक गोष्ट तपासली. ग्लोव्ह बॉक्समध्ये कंपनीने चिकटवलेलं एक लेबल असतं. गाडीत कोणकोणते पार्ट घालून ती फॅक्टरीतून निघाली त्याचे कोड त्यावर छापलेले असतात. त्यात 'एम ३८' सापडलं. एम ३८ म्हणजे टर्बो ३५०, एम ४० म्हणजे मोठा टर्बो ४००. लेबलनेही माझीच बाजू घेतली! मामाने पॅकिंग आणि फिल्टर आणला, पुठ्ठा अंथरून ट्रकखाली शिरला आणि अर्धा तास व्हॅक्यूम मॉड्युलेटर शोधत बसला. मिळेना. मी वरून फोनवर सूचना देतेय, "उजव्या बाजूला, मागे, डबीसारखं असेल बघ." नव्हतंच ते. मग त्याने पॅन (आपल्या गॅरेजात ज्याला चेंबर म्हणतात ते) एका कोपऱ्यातून सैल केलं, कारण त्याला खाली ड्रेन प्लग नव्हता. तेल पुठ्ठ्यावर, शर्टावर आणि थोडं कानात गेलं. आणि नवं पॅकिंग लावायला गेला तर भोकं जुळेनात. पॅकिंगला भोकं १३, पॅनला बोल्ट १६.

शेजारचे एक आजोबा कुंपणावरून हे सगळं बघत होते. आयुष्यभर गाड्यांचं काम केलेला माणूस. ते आत आले, वाकले आणि म्हणाले, "हा ७००आर४ आहे. बोल्ट मोजले नाहीत का?"

मला त्या प्रश्नाची अजून लाज वाटते. टर्बो ३५० चा पॅन साधारण चौकोनी, एक कोपरा कापलेला, बोल्ट १३. टर्बो ४०० लाही बोल्ट १३ च, पण त्याचा आकार वेडावाकडा. म्हणजे बोल्ट मोजून भागत नाही, आकारही बघावा लागतो. आणि ७००आर४ चा पॅन आयताकृती, बोल्ट १६. खाली वाकून मिनिटभर बघितलं असतं तर कळलं असतं. पुढची गंमत अशी की ७००आर४ हा गिअरबॉक्स मुळात १९८२ साली आला. १९७७ च्या ट्रकात तो असूच शकत नाही! म्हणजे आधीच्या कुठल्यातरी मालकाने जुना काढून हा बसवला होता. त्याला चौथा, ओव्हरड्राइव्हचा गिअर असतो, त्यामुळे हायवेवर इंजिन निवांत फिरतं. म्हणून लोक हौसेने असा बदल करतात. लेबल खोटं बोलत नव्हतं. त्याला फक्त १९७७ पर्यंतचंच माहीत होतं.

आणि ही चूक नुसत्या पॅकिंगच्या पैशांवर निभावली हे नशीब. दोन्ही गिअरबॉक्सना कार्ब्युरेटरकडून एक केबल येते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. टर्बो ३५० मध्ये ती केबल फक्त जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर गिअर खाली आणायचं काम करते. आतला तेलाचा दाब इंजिनावरच्या भाराप्रमाणे ठेवायचं काम त्या (मामाला न सापडलेल्या) व्हॅक्यूम मॉड्युलेटरचं. ७००आर४ मध्ये मॉड्युलेटर नसतोच, दाबाचं सगळं काम ती केबल करते. केबल सैल राहिली की दाब कमी पडतो, क्लच प्लेटा घसरतात आणि जळतात. मी मामाला सहज सांगितलं असतं, "ती केबल काय, किकडाऊनची, थोडी सैल राहिली तरी चालेल." टर्बो ३५० पुरतं ते वाक्य फारसं चुकीचंही नव्हतं. त्या ट्रकाला मात्र पूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागला असता.

इथेच माझा मुद्दा येतो. माझ्याकडची माहिती चुकीची नव्हती. टर्बो ३५० बद्दल मी जे वाचलं ते सगळं बरोबर होतं, फक्त वस्तू दुसरी होती. आजकाल नाव टाकलं की इंटरनेटवर मॅन्युअल, आकृत्या, टॉर्कचे आकडे सगळं मिळतं. पण नाव आपल्यालाच टाकावं लागतं ना!

आणि नाव शोधायला आपल्याला कोण शिकवतं? आपल्या लॅबमध्ये गिअरबॉक्सचं कट-सेक्शन मॉडेल आहे. लाल-पिवळा रंग दिलेला, वर पाटी: 'सिंक्रोमेश गिअरबॉक्स'. शेजारी दुसरं, त्यावरही पाटी. आपण पाटी वाचतो, जर्नलमध्ये आकृती उतरवतो (कोणाच्या जर्नलमधून ते सांगत नाही), सही घेतो. परीक्षेत एपिसायक्लिक गिअर ट्रेनचं गणित येतं, त्यात सन गिअरचे दात इतके, रिंगचे तितके, सगळं दिलेलं असतं. मी ती टेबल मेथड डोळे मिटून करते. पण समोर तेलकट, मळकट, पाटी नसलेला डबा ठेवून "हे काय आहे, आणि कशावरून?" असं तीन वर्षांत एकदाही कोणी विचारलेलं नाही. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर नाव, इयत्ता, तुकडी लिहिल्याशिवाय उत्तरपत्रिकेवर एक ओळ लिहू द्यायच्या नाहीत. तेव्हा राग यायचा.

माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं असं की हे मिस्त्रीचं काम, आपण डिझाइन करायचं. मला पटत नाही. डिझाइन करणाऱ्याने दोन गिअरबॉक्सना सारखी दिसणारी केबल दिली की खाली झोपलेल्या माणसाचं काय होतं, हे त्यालाही कळायला नको? शिवाय ओळखणं म्हणजे पाठांतर नव्हे. कॉलवरच मामाला "गाडी सुटल्यापासून गिअर किती वेळा बदलतो?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. तीन गिअरचा असेल तर दोनदा, चारचा असेल तर तीनदा. आणि नुसत्या तेलाच्या रंगावर जाणंही धोक्याचं. १९७० च्या सुरुवातीच्या फोर्डच्या सी-६ गिअरबॉक्सला टाईप-एफ तेल लागायचं, शेव्हरोलेला डेक्सरॉन. दोन्ही लालच!

माझी मागणी अगदी छोटी आहे. लॅबमधल्या मॉडेलांवरच्या पाट्या एका प्रॅक्टिकलपुरत्या झाकून ठेवा. भंगारातून दोन-तीन न रंगवलेले गिअरबॉक्स आणा. 'एम: ओळखणे' असं एक पान जर्नलमध्ये येऊ दे. मार्क पाच दिले तरी चालतील. विद्यार्थी चुकतील, तेल सांडेल, लॅब असिस्टंट काका ओरडतील. ओरडू देत.

मामाच्या गळतीचं सांगायचं राहिलंच. पॅनचं पॅकिंग ठीकच होतं. आजोबांनी सगळं धुऊन, पुसून कोरडं करायला लावलं, ट्रक एक चक्कर मारून आणायला लावला आणि टॉर्च घेऊन सगळ्यात वरची ओली जागा शोधायला सांगितली, कारण तेल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं. ओल निघाली ती केबल गिअरबॉक्समध्ये शिरते तिथे. आतली रबराची ओ-रिंग कडक झाली होती. तेल तिथून पॅनच्या काठावर ओघळायचं आणि आम्ही पॅनला दोष देत होतो. नवी रिंग बसली, केबल आजोबांनी स्वतः ॲडजस्ट करून दिली. मामाने ग्लोव्ह बॉक्समध्ये जुन्या लेबलच्या शेजारी चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने '७००आर४, १६ बोल्ट' लिहून ठेवलंय.

आता ट्रकखाली अधूनमधून एक काळा थेंब पडतो म्हणे. तो इंजिन ऑइलचा असावा. त्याबद्दल मामाने मला अजून काही विचारलेलं नाही.