सैनिकाचा देह कोणाचा?

सैनिकाच्या अंगावर अधिक भक्कम चिलखत चढवावे, हा विचार युद्धाइतकाच जुना आहे. आता मात्र प्रगत राष्ट्रांची संरक्षण खाती त्याही पुढे जाऊन सैनिकाचे शरीरच नव्याने घडविण्याचा विचार करू लागली आहेत. अमेरिकी सैन्याच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात, २०५० पर्यंत सैनिकाचे डोळे, कान, स्नायू आणि मेंदू यांना यंत्राची जोड देण्याच्या शक्यतेची चर्चा आहे. फ्रान्समध्ये संरक्षण खात्याच्या नीतिविषयक समितीने डिसेंबर २०२० मध्ये अशा संशोधनास सशर्त अनुमती दिली; सैनिकाची स्वेच्छा हिरावणारे उपाय मात्र तिने वर्ज्य ठरविले.

कारंजा (घाडगे) येथील वाचकास हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु छाती आणि उंचीचे माप देण्यासाठी भरतीच्या मैदानावर उभी राहणारी मुले अशाच गावांतून जातात. तेव्हा प्रश्न आपल्याच मुलांच्या देहाचा आहे.

सैनिक मरतो कशाने, हे प्रथम पाहिले पाहिजे. २००१ ते २०११ या काळातील अमेरिकी सैनिकांच्या रणांगणावरील मृत्यूंचा अभ्यास झाला आहे. रुग्णालयात पोचण्यापूर्वी झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश टाळता येण्याजोगे होते आणि त्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास मृत्यू रक्तस्रावाने झाले, असा त्याचा निष्कर्ष आहे. जखमेच्या वर करकचून आवळावयाचा पट्टा, वेळेवर मिळालेले रक्त आणि तातडीची शस्त्रक्रिया यांनी जो प्राण वाचू शकतो, त्यासाठी नव्या शरीराची आवश्यकता नाही.

आपल्याकडील अनुभव याहून कटू आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत धारातीर्थी पडलेले हेमंत करकरे यांचे प्राथमिक शिक्षण वर्ध्यात झाले होते. त्यांच्या जॅकेटच्या दर्जाविषयी पुढे वादंग माजले. परंतु ते जॅकेटच गहाळ झाल्याचे उघड झाले आणि परीक्षेसाठी वस्तूच उरली नाही. जखमी अधिकाऱ्यांना वेळेवर मदत मिळाली नाही, अशी तक्रार त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी जाहीरपणे केली होती. पोलिसांची ही कथा, तर सैन्याची तऱ्हाही फारशी निराळी नव्हती. १,८६,१३८ बुलेटप्रूफ जॅकेटांच्या खरेदीस २००९ साली मान्यता मिळाली; प्रत्यक्ष करार झाला तो एप्रिल २०१८ मध्ये. ज्या व्यवस्थेला अंगावरचे जॅकेट पुरविण्याच्या करारासाठी नऊ वर्षे लागतात, तिच्या हाती अंगातले स्नायू आणि नसा सोपवाव्यात काय?

शत्रू हे करणार असेल तर आपण मागे राहून आपल्याच जवानांना मृत्यूच्या दारी ढकलावे काय, असा प्रतिप्रश्न केला जाईल. तो पोकळ नाही. लसही शरीरात बदल घडवितेच, असेही कोणी म्हणेल. तथापि लस सैनिकाला घरी परतल्यावरही उपयोगी पडते. केवळ रणांगणासाठी केलेला बदल घरी ओझे ठरू शकतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना झोप उडविणाऱ्या पर्व्हिटिनच्या गोळ्या देण्यात आल्या. सैन्याला जागते शिपाई मिळाले, व्यसन मात्र शिपायाच्या वाट्यास आले. शिवाय आजची गोळी सोसणारे शरीर घडले, तर उद्या अधिक भेदक गोळी घडेल. या स्पर्धेत शस्त्र बदलणे सोपे असते; माणूस पुन्हा पुन्हा बदलता येत नाही.

चिलखत उतरवून ठेवता येते, शरीर उतरवता येत नाही. २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर सैन्यात कायम होतात. उरलेले तरुण पंचविशीच्या आसपास गावी परततात. त्यांच्या देहात बसविलेल्या यंत्राची देखभाल मग कोणी करावयाची? ग्रामीण रुग्णालयाने? आणि रांगेत उभ्या असलेल्या शिपायापुढे वरिष्ठाने केलेली विनंती ही आज्ञेहून कितीशी वेगळी असते?

विज्ञानाने सैनिकाच्या शरीराला हात लावूच नये, असे कोणी म्हणणार नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून हेच कार्य करीत आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. मोडलेला देह जगण्यासाठी उभा करणे आणि धडधाकट देह युद्धासाठी मोडून घडविणे, यांतील भेद स्पष्ट आहे.

म्हणून असे प्रयोग आपल्याकडे सुरू होण्यापूर्वीच संसदेने कायदा केला पाहिजे. नकार देणाऱ्यास शिक्षा होऊ नये, केलेला बदल सेवेअखेर काढून घेता यावा, आणि त्याच्या परिणामांची वैद्यकीय जबाबदारी शासनाने आजन्म वाहावी, या तीन अटी त्यात असाव्यात. तोवर आवळपट्टा, रक्त आणि चांगले जॅकेट प्रत्येक जवानापर्यंत पोचविण्याचे काम शिल्लक आहेच.