समजतो आणि समजून : क्रियापदांचे अक्षरविभाजन व सीमाभागातील मराठी

हुबळी-धारवाड रस्त्यावरील रायापूर येथे एका मराठी घरात, कन्नड माध्यमात शिकणारी मुलगी आजीला आलेले पत्र वाचून दाखवीत होती. ‘समजतो’ हा शब्द तिने स-म-ज-तो असा चार ठोक्यांत उच्चारला. घरातले हसले. मुलीने पत्र मिटले, ते पुन्हा उघडले नाही.

मुलीची चूक काय होती? कन्नड लेखनात साध्या व्यंजनातील ‘अ’ उच्चारला जातो. कन्नडमध्ये ‘मर’ म्हणजे झाड, आणि त्यात दोन उच्चारघटक आहेत. मराठीतील ‘मर’ हे आज्ञार्थी रूप मात्र एकाच घटकाचे आहे: मर्‌. शिकलेला नियम तिने प्रामाणिकपणे पाळला. आपला नियम तिला कोणी सांगितलाच नव्हता.

तो नियम अवघड नाही. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ सामान्यतः लोपतो. मग उजवीकडून डावीकडे यावे. दोन्ही बाजूंस स्वरयुक्त अक्षर असलेला मधला ‘अ’ बहुधा गळतो. म्हणून ‘समजतो’चे विभाजन स-मज्‌-तो, पण ‘समजून’चे सम्‌-जून. ‘बसला’ म्हणजे बस्‌-ला, तर ‘बसवला’ म्हणजे ब-सव्‌-ला. धातू तोच, प्रत्यय बदलताच सांधा सरकतो.

स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’ या क्रियापदाच्या पहिल्या अक्षरावर आघात दिल्यास ‘मी बोलतो’ आणि शेवटच्या अक्षरावर दिल्यास ‘तो बोलला’ असा अर्थ होतो. तेथे हा भेद लेखनात चिन्हाने दाखवितात. मराठीत आघाताने अर्थ पालटत नाही. परंतु अक्षरे चुकीची तुटली तर वाक्याची लय मोडते आणि वाचणारा आपल्याच भाषेत परका ठरतो.

लिपी बदलावी, असे माझे म्हणणे नाही. सीमाभागातील मुलांसाठीच्या प्रारंभिक पाठांत मात्र क्रियापदांची रूपे तोडून छापावीत: कर्‌-तो, कर्‌-तात, क-रून. सवय झाली की खुणा गाळाव्यात. ज्या धारवाडात मराठी घरातले द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले आणि जी. ए. कुलकर्णी यांनी इंग्रजी शिकवीत मराठी कथा लिहिली, तेथे एका भाषेसाठी दुसरीचा दुस्वास करण्याचे कारण नाही. दोन्हींचे नियम वेगळे आहेत, एवढे मुलांना सांगावे.

भाषेच्या हक्कासाठी आपण निवेदने देतो, ती द्यावीतच. परंतु घरातले मूल मराठी वाचताना अडखळले तर हसू नये. जवळ बसून शब्द तोडून दाखवावा. मिटलेले पत्र तेवढ्याने पुन्हा उघडेल.