बोट उद्या, कागद आजच!

इम्पोर्ट डिपार्टमेंटला आहे म्हटलं, की मित्रांना परफ्यूमच्या बाटल्या दिसतात. मी मागवतो बेअरिंग्ज! गेल्या महिन्यात आमचा कंटेनर शनिवारी न्हावा शेवाला लागणार होता. इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट जुळेना, म्हटलं सोमवारी बघू. तिथेच फसलो. पूर्वी बोट लागल्यावर कामाचा पुढचा दिवस मिळायचा. २०२१ पासून बिल ऑफ एंट्री आदल्या दिवशीच भरावं लागतं, सुट्टी असली तरी. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. आमचे गेले १५,०००. बॉस काहीच बोलला नाही, तेच जास्त लागलं.

आमचे सीएचए काका पूर्वी साहेबांसमोर फाइल घेऊन उभे राहायचे. २०२० च्या ऑक्टोबरअखेर फेसलेस असेसमेंट देशभर लागू झालं. आता माल न्हावा शेवाला आणि क्वेरी टाकणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात. वशिला गेला ते बरंच झालं म्हणा, पण समोर बसून समजावायची सोयही गेली! वर सिस्टिमने आमचा कंटेनर स्कॅनिंगला निवडला.

परवा काकांचा फोन आला, "अरे, पुढची बोट सोमवारी आहे. कागद?"

जिम बुडवून त्याच रात्री साडेदहाला पाठवले.