तुलना करताना

विद्यार्थी मित्रांनो, ‘तुलना करा’ असा प्रश्न आला की तुम्ही काय करता? पानाच्या मधोमध उभी रेघ ओढता. एका बाजूला एकाची माहिती लिहिता, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची. माझ्या मते ही तुलना नव्हे. या शेजारी शेजारी मांडलेल्या दोन याद्या झाल्या.

कोल्हारचेच उदाहरण घ्या. हे गाव प्रवरेच्या काठी आहे. येथून नगर-मनमाड रस्त्याने नगरकडे निघालात, तर राहुरीजवळ मुळा नदी लागते. दोन्ही नद्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावतात. पुढे मुळा प्रवरेला मिळते आणि प्रवरा गोदावरीला. इतके सारखेपण आहे, म्हणूनच त्यांच्यातील फरक पाहण्यात गंमत आहे. उंट आणि छत्री यांची तुलना कोणी करील काय?

प्रवरेवरचे भंडारदरा धरण दगडी आहे. ते १९२६ साली पूर्ण झाले. त्यात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. मुळा धरण मातीचे असून ते स्वातंत्र्यानंतर बांधले गेले. त्यात सुमारे २६ अब्ज घनफूट पाणी मावते. बहुतेक मुले येथेच थांबतात आणि लिहितात, ‘म्हणून मुळा श्रेष्ठ.’ पण श्रेष्ठ कशात? ते आधी ठरवायला हवे. पाणी जास्त कोठे साठते, असे विचारले तर मुळा. अहिल्यानगर शहराला पिण्याचे पाणी कोण देते, असे विचारले तरी मुळाच. पण या भागातील शेती आधी कोणी बदलली, असे विचारले तर मी प्रवरेच्या बाजूने लिहीन. तिच्या कालव्यांमुळे येथे ऊस वाढला. त्या उसावर लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. तेव्हा मुळा धरण झालेलेच नव्हते.

उर्दूत तुलनेला ‘मुवाझना’ म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. शिब्ली नोमानी यांनी १९०७ साली ‘मुवाझना-ए-अनीस-ओ-दबीर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मीर अनीस आणि मिर्झा दबीर, दोघेही मोठे मर्सियाकार. शिब्लींनी दोघांना सारखे गुण वाटून दिले नाहीत. अनीस श्रेष्ठ, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि त्याची कारणे दिली. ‘दोन्ही आपापल्या जागी चांगले’ असे लिहून त्यांना सुटता आले असते. मला ते वाक्य मुळीच आवडत नाही. ते लिहिणाऱ्याने विचार करण्याचे कष्ट टाळलेले असतात.

शिब्लींचे मत दबीरच्या चाहत्यांना पटले नाही. त्यांनी उत्तरादाखल पुस्तके लिहिली. मुळेकाठच्या एखाद्या मुलाला माझे मतही पटणार नाही. त्याने जरूर उत्तर लिहावे. पिण्याच्या पाण्यापासून त्याला सुरुवात करता येईल.